गावातल्या गावात लढताना

आमच्या गावातली कॉलेजची काही मुलं भ्रष्टाचारावर एकांकिका लिहीत आहेत. उन्मत्त नगराध्यक्ष, त्याचे गुंड, एक प्रामाणिक पत्रकार आणि शेवटच्या प्रवेशात न्यायालय, असा आराखडा घेऊन ती माझ्याकडे आली. "मॅडम, खरं कसं असतं ते सांगा," म्हणाली. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथल्या नागरिक समितीचं काम करते आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, छोटी नगरपरिषद, एक बाजारपेठ, दोन महाविद्यालयं. गावाचं, कार्यालयाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण काही प्रकरणं अजून सुनावणीत आहेत. मुलांना जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते क्रमाने लिहिते आहे.

१. खलनायक शोधत बसू नका, सह्या शोधा

एका गल्लीतला सिमेंटचा रस्ता घ्या. अंदाजपत्रक एक जण करतो, तांत्रिक मान्यता दुसरा देतो. प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक, लेखापालाचा शेरा आणि शेवटी पैसे, अशी ही साखळी असते. प्रत्येक कडीवर एक माणूस बसलेला असतो आणि प्रत्येकाची टक्केवारी ठरलेली असते. ती कुणी ठरवली हे कुणालाच आठवत नाही. कुणीही तिजोरी फोडत नाही. जो तो आपल्यापुढे आलेल्या कागदावर सही करतो, आणि "सगळ्यांनी केली होती, म्हणून मीही केली," असं खरोखर मनापासून सांगतो. गावातल्या भ्रष्टाचाराला चेहरा नसतो असं नाही. त्याला बरेच चेहरे असतात आणि ते सगळे रोजच्या बघण्यातले असतात.

म्हणून आमची समिती माणसाविरुद्ध बोलत नाही, कागदाविरुद्ध बोलते. मोठ्या कामाला ई-निविदा काढावी लागते. ती टाळायची तर एकाच रस्त्याची चार कामं करतात. 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या किराणा दुकानापर्यंत', मग त्याच दुकानापासून पुढे मंदिरापर्यंत, मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि असंच पुढे. चारही कामांची रक्कम मर्यादेच्या आत, चारही फायली वेगळ्या. गावाबाहेरच्या तपासनिसाला ही नावं वाचून काही कळणार नाही. आम्हाला कळतं, कारण ते किराणा दुकान आम्ही रोज ओलांडतो. गावच्या माणसाची ही ताकद फार मोठी आहे आणि ती वापरली जात नाही.

२. गावातला भ्रष्टाचार धाकावर कमी आणि ओळखीवर जास्त चालतो

मुलांच्या आराखड्यात गुंड होते. मी त्यांना आधी 'सामना' बघायला सांगितलं. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट १९७५ सालचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. एक भणंग, दारूच्या आहारी गेलेला मास्तर सहकारसम्राट हिंदुरावाच्या गावात येतो. हिंदुराव त्याला हाकलून देत नाही, घरी ठेवून घेतो आणि त्याची बडदास्त ठेवतो. निळू फुल्यांच्या हिंदुरावाचा तो पाहुणचार बघताना जी भीती वाटते, तितकी कुठल्याही मारामारीत वाटत नाही. डॉक्टर श्रीराम लागूंच्या मास्तराकडे असतो तो फक्त एक प्रश्न, गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दलचा. त्या घरचं अन्न खाऊनही तो प्रश्न विचारत राहतो, आणि चित्रपटाची सगळी ताकद तिथे आहे. पन्नास वर्षं होऊन गेली तरी तालुक्याच्या राजकारणावर याहून खरं काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

आमच्या पहिल्या मोठ्या प्रकरणातला कंत्राटदार माझ्या गल्लीतला मुलगा. माझ्या यजमानांना मध्यरात्री छातीत कळा आल्या तेव्हा त्यानेच गाडी काढली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवलं. सकाळपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. त्याची आई दर संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला येते. हा मुलगा वाईट नाही, आजही नाही. पण त्याने केलेल्या नालीत पाणी उलटं वाहत होतं आणि पावसाळ्यात ते खालच्या वस्तीतल्या घरांत शिरत होतं.

अर्ज देण्याआधी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर त्याला म्हटलं, "तुझे उपकार माझ्यावर आहेत, गावावर नाहीत. ते मी फेडीन, पण नालीचा हिशेब मागणार." तो म्हणाला, "काकू, आपल्यातच मिटवू की. मी तुमच्या दारापुढचा तुकडा नीट करून देतो." ही लाच नव्हती, आपुलकी होती, आणि ती नाकारणं पाकीट नाकारण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. त्याची आई चहा ठेवायला उठली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर तिने माझ्या हातात कप दिला आणि मुलाला म्हणाली, "त्या खालच्या वस्तीत आपली धुण्याभांड्याची बाई राहते, ठाऊक आहे ना तुला?"

तेव्हापासून समितीचा रिवाज झाला आहे. ज्याच्या कामाबद्दल अर्ज द्यायचा त्याला आधी तोंडावर सांगायचं. नातं तोडायचं नाही, पाठीमागे बोलायचं नाही, आणि दारापुढचा तुकडा नीट करून घ्यायचा नाही.

३. अर्ज छोटा लिहा आणि पोच घ्या

माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्राच्या आधी आला. राज्याचा कायदा २००२ सालचा, देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. अण्णा हजारे यांच्यापासून त्यांच्या राळेगणसिद्धीला आलेल्या साध्या कार्यकर्त्यांपर्यंत कितीतरी माणसांनी त्यासाठी उपोषणं केली, आणि आज तो अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर होतो. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्ज, 'ब' म्हणजे पहिलं अपील, 'क' म्हणजे दुसरं. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही; कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरीही टेबलावरचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. त्याला उत्तर देऊ नका, कलम दाखवा.

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. रागाने लिहिलेल्या अर्जात शब्द वाया जातात. 'सदर कामात प्रचंड भ्रष्टाचार झाला असून' हे वाक्य अर्जात कशाला? अर्जात फक्त कामाचं नाव, वर्ष आणि कागदांची यादी हवी: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकं, गुणवत्ता चाचणीचा अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. 'का' हा प्रश्न विचारू नका, कारण जन माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही. तो कागद द्यायला बांधील आहे.

आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तीस दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते, आणि आयोगाने ठरवलं तर दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंतचा दंड त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. आयोगाकडे दुसऱ्या अपिलांचा ढीग आहे, तारीख लागायला फार वेळ जातो. ज्याला घाई आहे त्याने या मार्गावर एकट्यादुकट्याच्या बळावर विसंबू नये. त्याबद्दल पुढे लिहिते.

अर्जाशिवायचाही एक रस्ता आहे, तो फार लोकांना माहीत नाही. २०१८ साली राज्य सरकारने निर्णय काढला की जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत. आम्ही त्या निर्णयाची प्रत घेऊन जातो. पहिल्यांदा खुर्ची मिळाली नाही, उभ्याने फायली वाचल्या. आता शिपाईभाऊ स्वतःच बाकडं सरकवून देतात.

४. मोजमाप पुस्तिका वाचायला शिका

मुलांना हे कंटाळवाणं वाटलं. मला वाटतं नाटक इथेच आहे.

मोजमाप पुस्तिकेला सगळे 'एमबी' म्हणतात. काम जसजसं होतं तसतसं कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन मोजायचं आणि त्या वहीत लिहायचं: लांबी, रुंदी, जाडी, आणि त्यावरून निघालेले घनमीटर. देयक याच आकड्यांवर निघतं. बँकेत जसं व्हाउचर, तशी बांधकामात एमबी. सगळं त्या वहीत आहे, खरंही आणि खोटंही.

आम्ही ज्या रस्त्याची एमबी मागितली तिच्या पानांवर सगळी मोजमापं एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली दिसत होती. कामाला दोन महिने लागले होते, पण लिहिणाऱ्याचा हात कुठे थांबलेला नव्हता. खाडाखोड नाही, सिमेंटचा डाग नाही. काम चालू असताना उन्हात उभं राहून लिहिलेली वही इतकी स्वच्छ राहत नाही. एका मोजमापाची तारीख आमच्या समितीतल्या वयस्कर शेतकऱ्याने बोट ठेवून दाखवली. "ह्या दिवशी पोळा होता," ते म्हणाले. पोळ्याच्या दिवशी त्या रस्त्यावरून बैलांची मिरवणूक गेली होती आणि अख्खं गाव तिथे उभं होतं. वहीप्रमाणे त्याच दिवशी त्याच रस्त्यावर काँक्रीट ओतलं जात होतं.

मग जाडी. वहीत सगळीकडे १५ सेंटीमीटर. रस्ता नंतर नळजोडणीसाठी एका ठिकाणी फोडला होता आणि कडा उघड्या होत्या. आमच्यातले एक निवृत्त सर्वेक्षक पहाटे टेप घेऊन गेले, शेजारी वर्तमानपत्राचं त्या दिवसाचं पान ठेवून फोटो काढले. टेपवर नऊ, एका जागी साडेनऊ. शेजारी राहणाऱ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मोजा मोजा. टाकलं त्या रात्रीच मी ह्यांना म्हटलं होतं, पोळीएवढं पातळ टाकलंय."

नुसत्या फोटोवर अधिकारी हात झटकतात. तिथे कायद्याचं एक कलम कामाला आलं. माहिती अधिकारात फक्त कागदच येतात असं लोक समजतात, पण कलम २(जे) प्रमाणे चालू किंवा झालेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे. आम्ही नमुना मागितला. अर्ज गेल्यावर चारच दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःहून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून त्रयस्थ तपासणी करवून घ्यायचं ठरवलं. रस्त्याला भोक पाडून काँक्रीटचा गोल नमुना काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो कोअर टेबलावर ठेवला की त्यावर भाषण करावं लागत नाही.

त्या रस्त्याच्या कंत्राटदाराच्या पुढच्या देयकातून फरकाची रक्कम वळती झाली आणि एका टप्प्याचं काम पुन्हा करावं लागलं. ज्याने ती एमबी लिहिली त्या तरुण अभियंत्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याच्याकडून सही करून घेणारे मात्र नोटिशीबाहेर राहिले. याचं मला आजही दुःख आहे. साखळीतली सगळ्यात नवी, सगळ्यात कमी पगाराची कडी तुटते आणि वरच्या शाबूत राहतात.

५. "अभिलेखावर उपलब्ध नाही" हे उत्तर म्हणजे शेवट नाही

फाईल सापडत नाही, वाळवी लागली, पावसात भिजली, आधीचे साहेब घेऊन गेले. या उत्तरावर बहुतेक लोक घरी जातात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालचा आहे. त्याप्रमाणे सरकारी अभिलेख जपणं ही कार्यालयाची जबाबदारी आहे, आणि ते नियमबाह्य नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पहिल्या अपिलात आम्ही एवढीच विनंती करतो: फाईल हरवली असेल तर या कायद्याखाली जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवावा. बऱ्याच फायली या ओळीनंतर कपाटामागे सापडल्या आहेत.

'वैयक्तिक माहिती' हे नवं कुलूप मात्र जड आहे. कलम ८(१)(जे) मध्ये पूर्वी एक वचन होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते काढून टाकलं. सामान्य माणसाला आमदाराच्या बरोबरीला बसवणारं ते वाक्य होतं आणि ते जायला नको होतं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचं कलम ८(२) शिल्लक आहे. आता प्रत्येक अपिलात आम्ही ते लिहितो.

६. लेखापरीक्षण अहवाल आधी मागवा

दरवर्षी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाची माणसं येऊन नगरपरिषदेचे हिशेब तपासतात आणि आक्षेप लिहून जातात. तुम्हाला जो घोटाळा शोधायला वर्ष लागेल तो बऱ्याचदा तिथे परिच्छेद क्रमांकासह लिहिलेला असतो, आणि खाली 'अनुपालन प्रलंबित'. अनुपालन कुणी मागत नाही म्हणून ते प्रलंबित राहतं. मागा.

७. लाच द्यावी लागली तर सात दिवसांत बोला

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाच्या फेरफारासाठी पैसे मागितले गेले. तो म्हणाला, "ताई, देऊन टाकतो, पेरणी तोंडावर आहे." त्याला दोष देणं सोपं आहे. पण शेत नावावर नसेल तर पीककर्ज नाही, विमा नाही. लाचेची रक्कम कामाच्या किमतीवरून ठरत नाही, अडवणुकीच्या वेळेवरून ठरते. पेरणीच्या तोंडावर दर चढतो.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये मी घालून दिला. पुढे काय होतं ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. तक्रार दिल्या दिल्या कुणाला पकडत नाहीत. आधी पडताळणी होते. पंचासमक्ष, रेकॉर्डर जवळ ठेवून, तक्रारदाराने पुन्हा त्या माणसाशी बोलायचं आणि मागणी खरी आहे हे दिसायला हवं. हे पंच दुसऱ्या सरकारी कार्यालयातले असतात. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि नोटांवर अँथ्रासीन पावडर लावतात. डोळ्यांना ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकते. पैसे स्वीकारले की ठरलेली खूण करायची. आमच्या शेतकऱ्याला डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसायला सांगितलं होतं. त्याने खूण केली तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की रुमाल खाली पडला. पथकातल्या साहेबांनी नंतर त्याच्या पाठीवर हात ठेवून पाणी पाजलं.

लोकांच्या मनात दोन भीती असतात. पहिली, सापळ्यात लावलेले पैसे जातील. ते परत मिळतात. दुसरी, लाच देणाऱ्यावरही गुन्हा होईल. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही गुन्हा आहे हे खरं, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणारा सुटतो. हे सात दिवस प्रत्येक चावडीवर लिहून ठेवले पाहिजेत.

खरी कसोटी सापळ्यानंतर सुरू होते. खटला वर्षानुवर्षं चालतो. तेवढ्या काळात त्या माणसाचे नातेवाईक, भावकीतले वडीलधारे, एखादा पुढारी, सगळे येऊन जातात. "त्याची लेकरं रस्त्यावर येतील," असं सांगतात, आणि ते खोटंही नसतं. कितीतरी तक्रारदार न्यायालयात फितूर होतात. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला, तरी इतर पुराव्यांवरून लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध होऊ शकतो. तक्रारदाराच्या खांद्यावरचं ओझं त्यामुळे थोडं हलकं झालं. आमचा शेतकरी साक्षीला उभा राहिला. त्या दिवशी आमच्यातले सगळे न्यायालयाच्या मागच्या बाकांवर बसले होते. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही, पण आम्ही आहोत हे त्याला ठाऊक होतं.

छोट्या दाखल्यांसाठी एवढं करायची गरज नसते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवून दिलं आहे, विलंबाला अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. अर्जाची पावती आणि वेळेवर अपील, एवढ्यावर काम होतं.

८. कुणालाही एकटं पुढे करू नका

१३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी फिरायला बाहेर पडले आणि रस्त्यावर त्यांचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून ते बाहेर काढत होते. त्याच वर्षी इचलकरंजीत दत्तात्रय पाटील यांचा खून झाला. शेट्टी यांच्या प्रकरणाची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, तरी त्यांना न्याय मिळालेला नाही. त्यानंतर २०१४ साली जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने मंजूर केला, तो अजून अमलात आणलेला नाही. मुलांना नायक हवा होता. मी त्यांना म्हटलं, कृपा करून एकच नायक करू नका. एकटा माणूस दिसला की त्याला हटवून प्रश्न संपवता येईल असं समोरच्याला वाटतं.

आमचा नियम साधा आहे. महत्त्वाची माहिती एकाच वेळी पाच-सहा जण मागतात: एक शिक्षक, एक पानटपरीवाला, एक नर्सबाई, एक वकील, एक गृहिणी. कुणी एक मागे हटला तरी माहिती येतेच. केंद्रीय माहिती आयोगाने २०११ साली असा ठराव केला की माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला तर त्याचे प्रलंबित अर्ज आयोग तपासेल आणि ती माहिती सार्वजनिक करायला लावेल. ज्या माहितीसाठी मारलं तीच गावभर झाली, तर मारण्यात काय हशील? पाच अर्ज हा त्याच विचाराचा आमचा गावठी प्रकार.

कार्यालयात जाताना दोघं तरी जायचं, आवाज चढवायचा नाही, टेबलाला हात लावायचा नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ ची धमकी मिळायची. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते १३२ झालं. सरकारी कामात अडथळ्याचा हा गुन्हा एकदा लागला की पुढची वर्षं तारखांत जातात आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं.

कागद हातात आले की ते कपाटात ठेवायचे नाहीत, मोठ्याने वाचायचे. ही गोष्ट राजस्थानच्या मजूर-शेतकऱ्यांनी देशाला शिकवली. अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेच्या माणसांनी १९९४ साली पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट लोकांसमोर वाचले, आणि ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती त्यांनीच उभं राहून सांगितलं की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी चौकात रस्त्याच्या एमबीची पानं वाचली. लाउडस्पीकरची रीतसर परवानगी घेतली होती. पोळ्याची तारीख वाचली तेव्हा भाजीवाल्या बायासुद्धा तराजू खाली ठेवून उठल्या.

९. आपल्यातला खंडणीखोर आधी ओळखा

हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. अर्ज टाकायचा, कंत्राटदाराला भेटायचं, पाकीट घ्यायचं आणि अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा तालुक्या-तालुक्यात चालतो. गळ्यात ओळखपत्र, गाडीवर पाटी. अशा एकेका माणसामुळे पन्नास प्रामाणिक अर्जदारांवर खंडणीचा संशय येतो, आणि अधिकाऱ्यांना हवं ते कारण आयतं मिळतं. समितीतून एकाला आम्ही काढलं. तो चांगला बोलणारा होता, लोकांना आवडायचा, त्याच्या जाण्याने आमची माणसं कमी झाली. तरी काढलं. दिलेला अर्ज कुणीही परस्पर मागे घ्यायचा नाही, बंद दाराआड कुणाला भेटायचं नाही, मिळालेला प्रत्येक कागद सगळ्यांना दाखवायचा. समितीचा खर्च किती आणि कुणी दिला, तो हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लिहायचा. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब उघडा असला पाहिजे.

१०. मुदतीवर लक्ष ठेवा

मुलं म्हणाली, शेवट काय करायचा? शेवटी कुणी तुरुंगात जातो का? क्वचित जातो. गावपातळीवर यश दिसतं ते वेगळ्या रूपात: देयकातून झालेली वसुली, काळ्या यादीत गेलेला ठेकेदार, जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली थांबवलेला एखादा बेकायदा ठराव, पुन्हा केलेली नाली. खालच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं नाही. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाने नालीचा उतार दुरुस्त करून दिला, नगरपरिषदेकडून एक पैसा न घेता, आणि पुढच्या संक्रांतीला त्याची आई वाण लुटायला आली.

सध्या आमचं काम दोषदायित्व कालावधीवर चाललं आहे. प्रत्येक कामानंतर ठरावीक काळ दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव नगरपरिषदेकडे अडकून राहते. हा काळ संपला की ठेव परत जाते आणि खड्डा गावाच्या माथी बसतो. बहुतेक तक्रारी मुदत संपल्यावर होतात, कारण मुदत कधी संपते हे लोकांना ठाऊकच नसतं. आम्ही गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या रस्त्यांची यादी केली आहे आणि प्रत्येकापुढे ती तारीख लिहिली आहे. यादी वाचनालयात आणि दोन्ही महाविद्यालयांत लावली आहे. येत्या पावसाळ्याआधी तीन रस्त्यांची मुदत संपते. त्यांपैकी बसस्थानकामागच्या रस्त्याचा अर्ज एकांकिका लिहिणाऱ्या मुलांपैकी तिघांनी आपापल्या नावाने परवा दिला. पोच घेतली आहे.